टोपलीभर तंबाखू

शहाण्णव साली दीर तोंडाच्या कॅन्सरने गेला आणि त्याच्या तेराव्यालाच काशीने पदर खोचला. महिला मंडळाच्या बाया घेऊन ती सानपाड्यापलीकडच्या आपल्या गावात दारोदार फिरली. कोणाच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, कोणाच्या कमरेची चंची सोडवली, आणि नवऱ्याची, धर्मराजची, तर उशीच्या अभ्र्यात हात घालून उपसली.

"जमीन सरकारनी नेली, आता तंबाखू तू ने," तो करवादला.

"तुजा भाऊ कशानी गेला, इसरलास?"

धर्मराजने कनवटीला लपवलेली पुडीही काढून दिली, मग गावानेही दिली. चार दिवसांत काशीच्या ओटीवर टोपलीभर तंबाखू जमली. मंडळातल्या एकाही बाईकडे पुडी सापडली नाही, याचा तिला कोण अभिमान! पुरुषांची जातच व्यसनी, असं ती पाणवठ्यावर सांगत सुटली.

महिन्याभराने वाशीहून डॉक्टर वैशालीताई शाल-नारळ घेऊन सत्काराला आल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. निघताना त्यांनी सहज विचारलं, "काशीबाई, ती टोपलीभर तंबाखू जाळून टाकलीत ना?"



"जालायची कशाला ताई, एवरी चांगली? तव्यावर भाजून मंडलातल्या समद्या बायांना मिश्री केली, दात घासाला," काशी तोंडातलं काळं बोट काढत म्हणाली, "आनि माजी हिरडी लय ठनकते हल्ली, तवा मी दिसातून तीनदा लावते."