खोकल्यानंतरचं गाणं

"अपा, ते कानातलं काढा ना. हेडफोनला लागून सारखं वाजतंय."

"ते निघत नाही. तू फीत लाव," बुरुल अपा म्हणाली.

एर्मेकने निमूटपणे फीत लावली. वाद घालायचं त्राण कुणात होतं? नारीन शहराच्या रेडिओ केंद्राचं तळघर रिकामं करायचा हुकूम होता. ज्या फितींवरचा आवाज ओळखला जाईल तेवढ्या जतन व्हायच्या, बाकीच्या आज संध्याकाळी भंगारात. आणि जुने आवाज ओळखणारं माणूस आता एकच उरलं होतं. लग्नबिग्न न करता जन्मभर या केंद्राशीच संसार केलेली बुरुल अपा. सकाळपासून गायकाने नुसता श्वास घेतला की ती नाव सांगत होती.

ही शेवटची फीत. ध्वनिमुद्रण करणारा तिलेक ऐन तारुण्यात डोंगरात हिमकड्याखाली गाडला गेला, तेव्हा त्याच्या झोळीत सापडलेली. वर ना नाव, ना गाव. एर्मेक तिलेकच्याच हाताखाली काम शिकला होता. ही फीत गेली असती तर त्याला फार लागलं असतं.

आधी कुणीतरी खोकलं. मग एका म्हाताऱ्याचं मोकळ्या गळ्याचं गाणं सुरू झालं.

अपा खुर्चीतून उठली. डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढून गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"गुडघे आखडलेत. पुन्हा लाव."

खोकल्यापाशीच तिने हात वर केला. "पुन्हा."

"अहो, तो आपला तिलेक खोकलाय. गाणारा कोण ते सांगा!"

"नाही सांगता येत."

"कोचकोर गावाकडचा कुणी?"

"खोकतोय त्याला विचार."

"मेलेल्या माणसाला?" एर्मेकचा तोल सुटला. "सकाळपासून चहा पाजतोय, आणि नेमकं इथेच तुमचं घोडं अडलं! म्हातारपण, दुसरं काय."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. पण बाहेर भंगाराची गाडी भोंगा वाजवत होती. त्याने फीत डब्यात घातली आणि डबा उचलला.

अपाने त्याची बाही घट्ट धरली. दुसरा हात कानाशी गेला होता.

"हे मला त्या खोकणाऱ्याच्या आईने घातलंय, सोयरीक ठरली त्या दिवशी," ती म्हणाली. "सून सासऱ्याचं नाव कशी घेईल रे?"