फोटोखालची ओळ

फिटरने मानांकन कक्षाच्या प्रमुखाचं डोकं दुसऱ्यांदा टेबलावर आपटलं, तेव्हा कपातला चहा उडून भिंतीवरच्या काचेच्या तक्त्यावर गेला. तक्त्यावर तीन खांब होते. संशोधन निधी, मानसन्मान, नवनिर्मिती. विद्यापीठ गेल्या वर्षी कितवं आलं आणि यंदा कितवं यायलाच हवं, ते लाल अक्षरांत लिहिलेलं.

"काका, सोडा त्यांना," मुलगी म्हणाली. तिच्या हातात सहीसाठी दिलेलं पेन तसंच होतं.

त्याने सोडलं नाही. त्याचा डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. प्रयोगशाळेतली टाकी फुटली तेव्हा तिच्या वडिलांना ओढून बाहेर काढताना तो भाजला होता. उजव्या हाताने त्याने प्रमुखाची मानगूट धरली होती.

"आधी वाच, पोरी. तुझ्या बापाच्या नावावर काय खपवतोय बघ हा."

प्रमुखाच्या नाकातून रक्त अर्जावर टपकत होतं. तरी तो बोललाच. "मॅडम, हा काही कोर्टाचा कागद नाही. नुसती गुणांसाठी माहिती. पाचच्या आत पाठवायची आहे. पेटंट सरांचं, म्हणून वारसाची सही. सरांचंच नाव होईल."

"नाव!" फिटरने त्याचा गाल टेबलावर दाबला. "टाकी चालू असली की सर भिंतीमागे उभे राहायचे. वीस वर्षं. दाबाचा काटासुद्धा आरशातून बघायचे, मला पुढे जाऊ द्यायचे नाहीत. आणि हा म्हणतो, चेहरा आणि काटा एकाच फोटोत पाहिजे, नाहीतर दोन गुण जातील. झडप बदलायला सरांनी आठवडा मागितला होता. एक आठवडा! दिला नाही याने."

"नियम मी केलेला नाही," प्रमुख टेबलालाच म्हणाला.

फिटरने त्याची मानगूट सोडली आणि गेल्या वर्षीचं पितळी सन्मानचिन्ह उचललं. बूड जड होतं. त्याने ते डोक्यावर नेलं.

मुलगी वाचत होती. सातवा रकाना, चालू स्थितीतलं उपकरण. त्यात लिहिलं होतं, 'चाचणी यशस्वी.' खाली फोटो. टाकीशेजारी बाबा, त्यांच्या खांद्यामागे काटा. उजवा हात पुढे, तळवा कॅमेऱ्याकडे. तोंड उघडं. फोटोखाली ओळ होती: 'हात उंचावून अभिवादन करताना शोधकर्ते.'

तो हात तिच्या ओळखीचा होता. शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या आधी तो असाच तिच्या छातीसमोर यायचा.

"हा फोटो कोणी काढला?"

 फिटरचा हात वरच थांबला.

"मी," प्रमुख म्हणाला.

"बाबा काय म्हणाले?"

"आवाज फार होता, मॅडम. नीटसं ऐकू आलं नाही."

"पण तुम्ही मागे झालात."

त्याने नाकाला बाही लावली. बराच वेळ लावून ठेवली. "दारापर्यंत गेलो," तो म्हणाला. "तेवढ्यात..."

"काका, ते खाली ठेवा," ती म्हणाली. "बाबांनी वाचवलेला माणूस आहे हा."

फिटरने सन्मानचिन्ह खाली ठेवलं नाही. त्याने ते तक्त्यावर भिरकावलं. काच फुटली, तिन्ही खांब जमिनीवर आले. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बँडेजचा हात पोटाशी धरून रडू लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा.

मुलीने 'चाचणी यशस्वी' खोडलं. फोटोखालची ओळ खोडली. तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मागे व्हा, असं सांगताना.' मग सही केली आणि कागद फिरवून प्रमुखापुढे सरकवला.

"पाठवा. पाचला सात मिनिटं कमी आहेत."

प्रमुख वाकला. त्याने ती ओळ वाचली, आणि वाचता वाचता खुर्चीसकट मागे सरकला.