मागच्या वर्षीची लाट

वेळासचं रिसॉर्ट घ्यायचं की आरवलीचं, यावर वृंदाचा घोळ काही संपेना. प्रत्यक्ष समुद्रावर जायचं कुणालाच नव्हतं. आठवणींच्या केंद्रात जाऊन घरातल्या चौघांनी कानामागे एकेक सुई टोचून घेतली, की आख्ख्या सुट्टीची आठवण डोक्यात पक्की. तरीही वृंदा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होती. सुट्टीला निघायचं म्हणजे डबा हवाच.

"आरवलीचंच घे," दहावीतली ओवी म्हणाली. "तिथे आईबाबांशिवायची सुट्टी मिळते."

"म्हणजे गं?"

"म्हणजे आठवणीत आम्ही दोघंच असतो," मोठा निहार फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "तुम्ही नसताच."

वृंदाचा हात डब्यावरच थांबला.

"असं काय बोलतोस रे? मागच्या वर्षी मोठी लाट आली, तेव्हा माझा हात किती घट्ट धरला होतास! अजून जाणवतो मला."

निहारने आता मात्र वर पाहिलं.

"ते तुझ्या सुईतलं, आई. आमच्या सुईत तेव्हाही तुम्ही नव्हता."

वृंदाने डब्यातल्या निम्म्या दशम्या काढून परत टोपलीत ठेवल्या.

"बरं," ती म्हणाली, "मग मला मागच्या वर्षीचीच सुई परत द्यायला सांगा."