चौथ्या रांगेचं पाणी

भाईदासनं टेम्पोचं फाळकं खाली केलं आणि भिकुबाईनं हातातली झारी खाली ठेवली. तिचा हा धाकटा भाऊ दोंडाईच्याहून चारशे रोपं न्यायला आला होता. तीन वर्षांपासून त्याच्या बोअरला खारं पाणी येत होतं. शेतात गवतसुद्धा धरत नव्हतं. आता खाऱ्या पाण्यावर तगणाऱ्या तिवराचा चारा झाला, तरच गोठ्यातल्या म्हशी टिकणार होत्या.

"ही चौथी रांग बघा," जितेंद्र सर म्हणाले. भडगाव रस्त्यावरच्या या रोपवाटिकेत ते समुद्रकाठच्या तिवराला चार तऱ्हेचं पाणी देऊन बघत होते. पहिल्या रांगेला गोडं, चौथीला सगळ्यात खारं. "पहिलीच्या बरोबरीनं वाढलीय. खुशाल लावा."

भिकुबाई पदराचं टोक पिळत राहिली. पाणी घालायचं काम तिचं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरली, आणि दुसऱ्या दिवशी रोपांना मिठाचं पाणी पाजायला तिचा हातच धजेना. मुकी बिचारी, तोंडानं थोडीच मागणार? तेव्हापासून चौथ्या रांगेला ती गुपचूप गोडं पाणी देत आली होती. सरांना कळलं तर काम जाणार. नाही कळलं तर ही रोपं खाऱ्या पाण्यात मरणार आणि सख्ख्या भावाच्या म्हशी बाजारात उभ्या राहणार. भली बाई, पण भलेपणानंच घोटाळा करून बसली होती.

भाईदासनं पहिली पिशवी उचलली. तिला राहवलं नाही.

"भाऊ, ठेव ते. त्या रांगले मी रोज गोडं पानी देत व्हतू. बठ्ठी चूक मन्ही शे."

सर रांगेच्या कडेलाच खाली बसले. सहा महिन्यांची मेहनत होती. भाईदासनं पिशवी परत जागेवर ठेवली आणि फाळकं वर लावलं. तिला तेच जास्त लागलं.

"अक्का," सरांनी शेवटी विचारलं, "मग खाऱ्या पाण्याचा ड्रम रोज रिकामा कसा व्हायचा?"

"शेडमांगे वतत व्हतू. तुम्ही रोगट म्हनीसन फेकेल रोपं पडेल व्हतीत, त्यासवर. ती तं मरेलच व्हतीत."

सर उठले आणि जवळजवळ पळतच निघाले. मागोमाग ही दोघं.

शेडमागे, उकिरड्याच्या कडेला मुळं धरून, तेच फेकलेलं तिवर कमरेएवढं दाट माजलं होतं. तिनं जीव लावून गोडं पाणी पाजलेली रांग अजून गुडघ्यापर्यंतच होती.