निकेलचा मुलामा

धाकूने हँडल मारलं आणि इंजिन एकदाचं धडधडू लागलं. लांब आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेले दाजीशेट उठून उभे राहिले. ही मोडकी लॉरी त्यांनी मुंबईच्या लिलावात उचलली, तेव्हा अख्ख्या रत्नागिरीने त्यांना वेड्यात काढलं होतं. तिची सर्व्हिस मोटार करायची आणि चिपळूणपर्यंत उतारू न्यायचे, असा त्यांचा बेत होता. गावातल्या लोहारांनी इंजिनापुढे हात टेकले, तेव्हा कुणीतरी धाकूचं नाव सुचवलं.

धाकू मोठ्या लढाईत इराकात, बसऱ्याला गेला होता. तिथे पलटणीच्या मोटारी दुरुस्त करता करता चालवायलाही शिकला. गोरा कप्तान त्याच्या शेजारी बसून डबा खाई, ही गोष्ट तो इतक्यांदा सांगे की घरची माणसं कंटाळली होती. लढाई संपल्यावर तो मुंबईत एका गॅरेजात लागला. शेटांचा निरोप येताच ती नोकरी सोडून, बिऱ्हाड गुंडाळून तो रत्नागिरीला परतला. मोटार उभी राहिली की चालवायचीही आपणच, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्यापाशी सरकारी लायसन होतं आणि मुंबईची जागा केव्हाच भरली गेली होती.

राहीला, त्याच्या बायकोला, हे काही पटत नव्हतं.

“शेट तसं बोललेत, का तुमीच धरून चाललाव?” तिने एकदा विचारलं.

धाकूने शेटांपाशी विषय काढला होता. ‘आधी चालू तर होऊ दे,’ असं ते म्हणाले होते. आता मोटार चालू झाली होती, म्हणजे झालंच की.

पण शेटांनी भलतंच काढलं. इंजिन पुन्हा खोलायचं, सगळे भाग मुंबईला पाठवायचे आणि भायखळ्याच्या एका कारखान्यातून त्यांना निकेलचा मुलामा देऊन आणायचा. धाकूला हसू आलं. नवी सून आणावी तशी शेटांना मोटार नटवायची हौस आली होती. मग त्यालाही ते आवडलं. समुद्रावरचा खारा वारा लोखंड खातो, हे त्यानेच शेटांना सांगितलं होतं. शिवाय आपण जुळवलेलं इंजिन चांदीसारखं चकाकणार, या कल्पनेने त्याला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी शेट नेहमीसारखे लांब उभे राहून सांगत होते. त्यांचं धोतर परीटघडीचं आणि मोटारीच्या शेडमध्ये सगळीकडे तेलच तेल.

“जे जे खोललं होतंस ते ते पेटीत घाल. काही राहता नये हो.”

“आतल्या दट्ट्याला मुलामा न्हाय चालायचा, शेट. इंजिन अडकून पडल.”

शेटांनी जरा विचार केला. “आतलं राहू दे मग. तिथे आग पेटतेच.”

शेटांना इंजिनातलं कळू लागलं, म्हणून धाकूला कौतुक वाटलं. झडपांवरचं झाकण, नळ्या, पंखा, गिअरचा दांडा, हँडल, सगळं त्याने रॉकेलने धुऊन, चिंध्यांत गुंडाळून पेटीत भरलं. हँडलाला मुलामा कशाला, तो तर हाताने झिजून जाईल, असं तो म्हणाला. शेटांनी तिकडे लक्ष दिलं नाही. स्टिअरिंगचं चाक लाकडी होतं. धाकूने ते घासून, तेल पाजून आरशासारखं केलं होतं. ते काढून टाकायला सांगून शेटांनी मुंबईहून नवं मागवलं. धाकूला वाईट वाटलं, पण चांदीच्या इंजिनाला जुनं चाक शोभलं नसतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पेटी आगबोटीने गेली आणि आगबोटीनेच परत आली. सोबत काशीराम नावाचा मेस्त्री होता. झाकण उघडलं तेव्हा बघ्यांचे डोळे दिपले. धाकू त्या दिवशी अंघोळ करून, खाकी सदरा घालून आला होता. तो पेटीशी वाकला, तसे शेट पटकन पुढे झाले. काशीराम बसवील सगळं, तू नुसतं सांग, म्हणाले. नव्या मुलाम्यावर ओरखडा उठायचा, त्यापेक्षा कारखान्याच्या माणसाने बसवलेलं बरं, हे धाकूलाही पटलं. तो चार हात लांब उभा राहून सांगत गेला आणि काशीराम नट आवळत गेला. कुठली नळी आधी, कुठली मागून, हे काशीरामला मुळीच ठाऊक नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत इंजिन सुरेख चालू लागलं.

पाडव्याला शेटांनी मोटारीपुढे नारळ फोडला. पहिल्या खेपेचे उतारू बोचकी घेऊन जमले होते. राहीही आली होती, मागे, बाभळीच्या कडेला. धाकूने लायसन खिशात घातलं होतं. नव्या चाकापाशी काशीराम बसला, तेव्हा धाकूला वाटलं, तो शेवटचं तपासून बघत असेल. आता उतरेल, मग आपण चढू. इतका आनंद त्याला बसऱ्याहून जिवंत परत आल्यावरही झाला नव्हता.

खालच्या आळीतल्या यमुनाबाई पायरीवर एक पाय ठेवून थबकल्या. त्यांनी वळून धाकूकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. गाडी ह्यानेच उभी केली ना, असं त्यांनी शेटांना हळूच विचारलं.

शेट सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले.

“बसा निर्धास्त, यमुनाबाई. उगीच का मुंबईपर्यंत पेटी धाडली? महाराचा हात लागला होता ते ते सगळं मुलामा देऊन शुद्ध करून आणलंय.”