पिवळी रेघ

गाडीला जास्त जोर यावा म्हणून मेहुण्याने ऑनलाइन मागवलेला टर्बो खोक्यातून बाहेर आला आणि मेकॅनिकच्या कपाळावर आठी पडली. टर्बोच्या कडेवर पिवळ्या रंगाची अर्धी रेघ होती.

पार्ट आवळून झाला की जोडावर अशी आडवी रेघ ओढायची त्याची जुनी सवय. अर्धी पार्टवर, अर्धी इंजिनावर. पार्ट जरा जरी सरकला तरी रेघ तुटते आणि कुणी हात लावल्याचं कळतं.

"वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारलाय तुझ्या," तो म्हणाला.

"सीलबंद होता, दाजी. तुमच्यासमोरच फोडला ना?"

तेही खरंच. त्याने आत बोट फिरवून पाहिलं. काजळीचा कणही नव्हता.

बायकोच्या भावाला नाही कोण म्हणणार? कुरकुरतच त्याने जुना टर्बो उतरवला. गाडी शोरूममधून आल्यापासून तिथे कुणाचा हात लागला नव्हता. तरी इंजिनाच्या कडेवर उरलेली अर्धी रेघ होती, आणि तिच्या टोकाला शेपूट होतं. मोडून वाकडं जुळलेल्या त्याच्या बोटामुळे त्याच्या प्रत्येक रेघेला यायचं, अगदी तसंच.

थांबावंसं वाटत होतं, पण हात थांबेनात. हातांनीच नवा टर्बो बसवला, आवळला. दोन्ही अर्ध्या रेघा केसभरही न चुकता जुळल्या.

"सुरू करू का, दाजी?" मेहुणा स्टिअरिंगमागून ओरडला.

फळीवरच्या रंगाच्या डब्याचं झाकण बंदच होतं. त्याने रेघेवर बोट टेकवलं.

रंग ओला होता.