कुणाच्या, ते विचारायचं नाही

यंत्रात चौथी बाटली फुटली आणि तिने पाचवी हातात घेतली. चपटी, काळपट काचेची, दारूची.

मागच्या भिंतीवर कायद्याचा फलक होता. आणेल त्याच्या बाटल्या घ्यायच्या. कुणाच्या, ते विचारायचं नाही. आत काही उरलेलं नाही ना, ते पाहायचं. देणाऱ्यादेखत फोडायच्या. बाटल्या परत घेण्याच्या या केंद्रावर नोकरी लागली तेव्हा तिने तो पाढ्यासारखा घोकला होता.

काउंटरपलीकडे काका उभे होते, खाली मान घालून. तिच्या ठमीला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींचे यजमान. दर गुरुवारी पिशवीभर बाटल्या आणायचे आणि ती मनातल्या मनात दातओठ खायची. मावशींसारख्या देवमाणसाच्या पदरी हा असा नवरा! काका दिवसा घरी नसतात ना, हे ती मावशींना दहादा विचारून घ्यायची. ठमी जेमतेम सात महिन्यांची. आईजवळ रात्रभर घर डोक्यावर घेणारी ही पोर मावशींकडे मात्र गाढ झोपायची. “माझ्या हाताला गुण आहे गं,” मावशी म्हणायच्या. हल्ली तर ठमी संध्याकाळीही पेंगुळलेलीच असायची. “दात येतायत,” मावशी सांगायच्या.

आज तिला राहवलं नाही. कायदा गेला चुलीत.

“काका, राग मानू नका, पण किती प्याल? मावशींचा तरी विचार करा.”

काकांनी मान वर केली. “मी? पोरी, माझी सुटली त्याला सहा वर्षं झाली. मी नुसता हमाल.”

तिच्या हातातली बाटली खुळखुळली. तिने ती उपडी करून ठोकली. गळ्यात अडकलेलं काहीतरी निसटून काउंटरवर पडलं.

ड्रॉपर. ठमीच्या औषधाचा, सोमवारपासून हरवलेला. चुकून थेंबभरही जास्त जाऊ नये म्हणून त्याच्यावर तिने स्वतः नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती. रबरी बोंडाला भपकन दारूचा वास येत होता.

मावशींचं घर दोन बस पलीकडे. तिने फोन लावला.

“मावशी, ठमीला उठवा! आत्ताच्या आत्ता उठवा तिला!”

“आता कुठली उठतेय ती,” मावशी कौतुकाने हसल्या. “आत्ताच तर झोपवलीय.”